पाकिटावरच्या दोन ओळी

हळर्ण, पेडणे
२८ एप्रिल २०२४

प्रिय गुरुदासराव यांस,
आक्काचे आशीर्वाद.

पाकीट फोडून तुम्ही आधी खालची सही बघितली असेल आणि कपाळाला आठी पडली असेल. पडू दे. जावयाची खुशाली सासरच्यांनी विचारायची असते, आणि तुमच्या सासरी विचारणारी आता मी एकटीच उरले आहे. फोन तुम्ही उचलत नाही. व्हॉट्सॅपवर दोन निळ्या खुणा उमटतात, पुढे काही नाही. निखिल वकील म्हणतो, प्रतिवादींना मेसेज पाठवू नका. तुम्ही माझे प्रतिवादी कधी झालात ते मला कळलंच नाही. आईच्या माघारी धाकट्या बहिणीला, शीतलला, मी वाढवलं, तुमच्या पदरात घातली तीही मीच. तेव्हा वकिलाला न विचारता हे पत्र लिहिते आहे.

आमच्याकडे या खेपेला मानकुराद बरा धरला आहे. एक पेटी शीतलकडे पाठवली होती, ती तिने परत पाठवली. आंबे परत पाठवणारी बाई मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली. निदान सेजलला तरी दोन खायला द्यायचे होते. पोरगी कशी आहे? डिचोलीहून पणजीला रोज जाऊन येऊन वाळली असेल. माझ्यावरचा राग तिच्या ताटात वाढू नका म्हणावं आईला.

काजूचा कारखाना बंद आहे. हे तुम्हाला मी काय सांगायचं, कुलपावरच्या कागदावर सही तुमचीच आहे. पण झालं ते तुम्ही माझ्या तोंडून कधी ऐकलं नाहीत, म्हणून एकदा लिहिते. तुमच्या प्रदूषण खात्याच्या फाइलीत ते वेगळं दिसत असेल.

सड्याच्या माळावर बंगल्यांची वसाहत आणि गोल्फचं मैदान होणार हे कळलं तेव्हा मी काही मोर्चा काढला नाही. माझे गुडघे तुम्हाला ठाऊक आहेत. मोपाला विमानतळ झाल्यापासून आमच्याकडे दर आठवड्याला कोणीतरी जमीन बघायला येतोच, त्याची सवय झाली होती. पण सड्यावरची काजूची झाडं गेली तर माझ्या बायकांनी फोडायचं काय? म्हणून काजूच्या नव्या पाकिटांवर मी दोन ओळी छापून घेतल्या. ‘हा काजू हळर्णच्या सड्यावरचा. सडा विकला, की काजू संपला.’ एवढंच. कोणाचं नाव नाही, शिवी नाही. पर्यटक ती पाकिटं दिल्ली-मुंबईला घेऊन गेले, कोणी फोटो काढले, कोणी वर्तमानपत्रात छापले. मंत्र्यांना विधानसभेत त्यावरून प्रश्न विचारला गेला. मला तर गंमतच वाटली. आपल्या काजूला एवढं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं.

मग ऐन हंगामात तुम्ही आलात, सोबत दोन माणसं आणि मोजायची टेप. धुरांडं नियमापेक्षा आखूड आहे, टरफलं जाळल्याचा धूर खाली येतो, सबब कारखाना बंद. धुरांडं आखूड आहे हे मी नाकारत नाही. कोर्टातही नाकारलं नाही. ते बांधलं तेव्हापासून आखूड आहे. गेल्या वर्षी तुम्हीच मोजलंत, आणि माझ्या ओसरीवर पोळीबरोबर काजूची उसळ खाताना म्हणालात, ‘आक्का, मातशें उणें आसा, फुडल्या खेपेक वाडवया.’ मी म्हटलं, बरं, थोडंच तर वाढवायचं आहे. त्या दिवशी तुम्ही जावई होता. या खेपेला तुम्ही ओसरीवर टेकलासुद्धा नाहीत. पाणी आणून ठेवलं होतं, ते तसंच राहिलं.

आता कोर्टाचं. निखिल फोंड्याचा आहे, वयाने लहान पण डोक्याने थंड. त्याने मला समजावलं की सरकारने बोलण्याचा सूड घेतला असं नुसतं म्हणून भागत नाही. आपण बोललो हे दाखवायचं, आपलं नुकसान झालं हे दाखवायचं, आणि बोललो म्हणूनच नुकसान झालं हे दाखवायचं. पहिल्या दोन गोष्टी शेंबडं पोरही दाखवील. तिसरीसाठी माणूस लागतो. कोणी सांगितलं, कोणाला सांगितलं, काय शब्दांत सांगितलं. मंत्र्याच्या मनात होतं असं मोघम म्हटलं तर न्यायाधीश हसतात म्हणे. नाव घ्यावं लागतं. सरकार तर म्हणणारच, पाकीट नसतं तरी आम्ही हे धुरांडं बंद केलंच असतं.

आणखी एक गंमत ऐका. कारखाना कंपनीच्या नावावर, आणि कंपनी ही कायद्याने माणूस आहे, पण नागरिक नाही. बोलायचा हक्क नागरिकाचा. म्हणून कंपनीच्या जोडीला भागधारक या नात्याने मलाही अर्जदार व्हावं लागलं. मी निखिलला म्हटलं, म्हणजे माझी कंपनी जुन्या घरातल्या सुनेसारखी झाली, कामं सगळी तिने करायची, पण चार माणसांत तोंड उघडायचं तर शेजारी कोणीतरी हवं. तो हसला. मला नंतर हसू आलं नाही.

मी तुमच्याकडे एकच मागते. खात्याचं लेखी उत्तर तुम्ही तयार करणार आहात असं कळलं. त्यात जे झालं ते लिहा. तुम्हाला कोणी बोलावलं असेल तर तसं लिहा. मला माहीत आहे हे लहान मागणं नाही. पण इतकी वर्षं माझ्या हाताखाली काम केलेल्या बायका आज दुसऱ्याच्या शेतात मिरच्या तोडताहेत. टरफलाच्या तेलाने काळे झालेले त्यांचे हात बघून तिथलीही माणसं विचारतात, हे काय झालं? त्या सांगतात, काजू. अजून ताठ मानेने सांगतात.

विचार करा. शीतलला पत्र दाखवायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा.

तुमची,
आक्का


हळर्ण
३० ऑगस्ट २०२४

गुरुदासराव यांस,
आशीर्वाद.

शेजारच्या प्रवीणच्या रिक्षातून गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान पाठवते आहे. कांगलां, घागऱ्यो, हरणां, सगळी फळं-फुलं आपल्याच रानातली. सुपारीचा एक शिपटा, अख्खा घड आहे, तो जपून उतरवा. हे चवथीचं आहे, माझं नाही, तेव्हा शीतल परत पाठवणार नाही असं वाटतं. गणपतीशी तिचं भांडण नाही.

मागच्या पत्राला उत्तर आलं नाही. खात्याचं उत्तर मात्र आलं. निखिलने वाचून दाखवलं. नेहमीची तपासणी, नेहमीचा नियम, पाकिटावर काय छापलं आहे याची खात्याला कल्पना नव्हती. खाली सही तुमची. मी ते ऐकून घेतलं. तुम्ही घाबरू नका, त्याबद्दल भांडायला हे पत्र लिहिलेलं नाही. आता मी तुम्हाला काही विचारणारही नाही.

तुम्ही नीट जेवता का? प्रवीण डिचोलीला गेला होता, तो म्हणाला, भावोजी बरेच उतरले आहेत. रक्तदाबाच्या गोळ्या चुकवू नका. तुमच्या वडिलांचंही असंच झालं होतं, आणि तेही मनातलं बोलत नसत.

इकडे विशेष नाही. श्रावणातल्या त्या सोमवारी कोर्टात तारीख होती. सरकारी वकिलांनी मुदत मागितली, म्हणून मी लवकर परतले. देवळात जाऊन आले. असो.

तुमची गाडी पाहिली. देवळाच्या मागच्या बाजूला लावली होती. घरी आला असतात तर चाललं असतं. दार उघडं होतं आणि मी काही खाल्लं नसतं तुम्हाला.

जानकीने माझ्याशी बोलणं टाकलं आहे. तुम्हाला जानकी आठवते, सोलाई करणाऱ्या बायकांतली मोठी, सगळ्यांना धाकात ठेवणारी. सेजलला लहानपणी काजूच्या बोंडूचा रस पाजून तिनेच फ्रॉक खराब केला होता. वाटेत भेटली तर मान फिरवते. का, ते मी लिहीत नाही. चूक तिची नाही. मी तिला एक गोष्ट करू दिली नाही. तिच्या जागी मी असते तर मीही मान फिरवली असती.

परवा सड्यावर गेले होते. गुडघे शिव्या देत होते तरी गेले. त्यांनी खांब पुरले आहेत, तारा ओढल्या आहेत. झाडं अजून उभी आहेत. कोर्टाने काही म्हणेपर्यंत तोडू नका असा अर्ज निखिलने केला होता, पण जमीन आमच्या कंपनीची नाही, त्यामुळे तो टिकला नाही. एक पहारेकरी होता, परराज्यातला पोरगा. त्याने मला विचारलं, ‘मावशी, काजू कब आता है?’ मी म्हटलं, फेब्रुवारीत. तो खूश झाला.

निखिल म्हणतो, अजून वेळ गेलेली नाही. आतल्या माणसाने स्वतःहून खरं सांगितलं तर कोर्ट त्याला सांभाळून घेतं. मी म्हटलं, कोणी सांगायचं असेल तर तो स्वतःच सांगेल, आपण कोणाला ओढून आणायचं नाही. त्याने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. हुशार पोरगा आहे, पण पुढे विचारलं नाही.

गुरुदासराव, मी वाट बघते आहे. कसली, ते तुम्हाला कळेल असं वाटतं. नाही कळलं तरी गोळ्या वेळेवर घ्या.

चवथ नीट करा. सेजलला माझ्याकडून दोन नेवऱ्या जास्त वाढा.

आक्का


हळर्ण
१९ जानेवारी २०२५

गुरुदासराव यांस,

हे पत्र तुमच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवते आहे. शीतलच्या हाती पडायला नको. वाचून झाल्यावर काय करायचं ते करा.

निकाल तुम्ही माझ्याआधी वाचला असेल. निखिलने मला दोनदा मराठीत करून सांगितला. कंपनीला आणि तिच्या भागधारकाला आपलं मत मांडायचा हक्क आहे, हे कोर्टाने मान्य केलं. पाकिटावरचं बोलणं त्या हक्कात बसतं, हेही मान्य केलं. ऐकताना क्षणभर वाटलं की जिंकलो. मग पुढे लिहिलंय की बोलणं आणि बंदी यांच्यात दिवस थोडे आहेत, तेवढ्यावरून सूड सिद्ध होत नाही. असं सांगितलं गेलं म्हणणारा एकही माणूस अर्जदारांना पुढे आणता आला नाही. धुरांडं वाढवून परवानगीचा नव्याने अर्ज करावा.

अर्ज कसला करू? डिसेंबर संपायच्या आत सड्यावर मशिनी फिरल्या. त्या बिचाऱ्या पहारेकरी पोराला यंदा काजू दिसायचा नाही. बाहेरून बी आणून कारखाना चालवता येतो हे मला कळतं, पण माझ्यात आता ते बळ नाही. वाफेची टाकी आणि कातरायची यंत्रं वेंगुर्ल्याच्या एका माणसाने नेली. नेताना खिडकीचं अख्खं जनेल काढावं लागलं, ते अजून बसवलेलं नाही. वारा सरळ आत येतो. जानकी मोपाच्या रस्त्यावरच्या हॉटेलात चादरी धुते. तिथे म्हणे तिला हातमोजे घालायला लावतात, काळे हात पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून. हे मला तिने सांगितलं नाही, दुसऱ्या बाईने सांगितलं. ते ऐकून मी रडले. निकालाच्या दिवशी रडले नव्हते.

काल शीतल आली होती. दहा महिन्यांनी तिने या घरात पाऊल टाकलं. मी तिला बघून इतकी हरखले की आधी काय वाढू ते सुचेना. सेजलचं जमलं, मुलगा साखळीचा, साईश नाव, साखरपुडा पुढच्या रविवारी. आमंत्रण द्यायला आली होती. नारळ ओंजळीत दिला, कुंकू लावलं. मग उठता उठता म्हणाली,

‘आक्का, कोर्टानच सांगलां मगे? आतां तरी मान. तांणी नेमाप्रमाण केलां. तू तांचेर इतलो आळ घातलो, ते रातीचे न्हिदनात. घरात फिरत रवतत. सेजलीच्या सासरच्यांच्या कानार गेलां आसा सगळां. तू ये, आनी चार माणसांत एकदां तांची माफी माग. तुका कोण ल्हान म्हणचो ना.’

मी म्हटलं, बघते.

‘बघतय न्हय. मागतलंय म्हण.’

तुमचा तिच्यावर काय विश्वास आहे ते मला माहीत नाही, पण तिचा तुमच्यावर आहे. तुम्ही झोपत नाही ते माझ्यामुळे, असं ती मनापासून समजते. तिला तसं समजू द्यायचं की नाही यावर मी काल रात्रीपासून स्वतःशी भांडते आहे. म्हणून आता मी इतके महिने जे लिहिलं नाही ते लिहिते.

मी तिथे होते, गुरुदासराव.

त्या सोमवारी तुम्हाला वाटलं, आक्का दिवसभर पर्वरीला कोर्टात अडकेल. तारीख पुढे गेल्याचं तुम्हाला कोणी कळवलं नसणार. बसमधून उतरले ती मी रवळनाथाच्या देवळात शिरले. चौकात कारखान्याच्या बायका पूजेच्या माळा करत बसल्या होत्या. दुसरं काम नव्हतं हाताला. मी त्यांच्यात खांबाला टेकले आणि डोळे मिटले. पुढे शिवदास घाडी कोणाचं तरी गाऱ्हाणं घालत होता. गाऱ्हाणं कोणाचं आहे ते आपण कधी वळून बघतो? कोणाची म्हैस आटलेली असते, कोणाचा मुलगा बोटीवर जायचा असतो. घाडी देवाला सांगतो आणि बसलेले सगळे हो म्हणतात. लहानपणापासून म्हणतो आहोत.

‘बा देवा रवळनाथा, आज ह्यो तुजो जावय तुज्या दारात इलो आसा. ताच्या हातान एक सही झाली, ती ताच्या मनान झाली ना. काय चुकला-माकला आसात तां पदरात घे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’ सगळ्यांबरोबर मीही म्हटलं. मोठ्याने म्हटलं. कोण जावई, कसली सही, माझ्या डोक्यातही आलं नाही.

मग शिवदास थांबला आणि त्याने तुम्हाला विचारलं, ‘सही कसली? कोणी करूक सांगली? नाव घे. देवाकडे अर्दवट चलना ना.’ आणि तुमचा आवाज आला.

मी डोळे उघडले. तुमची पाठ दिसत होती, उघडी, खांद्यावर उपरणं. तुम्ही मंत्र्याचं नाव घेतलंत. त्यांच्या केबिनमध्ये टेबलावर माझं पाकीट ठेवलेलं होतं हे सांगितलंत. ‘ह्या बायलेचां तोंड बंद जावक जाय, कायतरी उणें सोद,’ असं ते म्हणाले हे सांगितलंत. आणि उणं शोधावं लागलं नाही, ते तुम्हाला ठाऊकच होतं, हेही. निखिल ज्या एका गोष्टीसाठी कित्येक महिने पुस्तकं चाळत होता ती तुम्ही शब्दाशब्दाने सांगितलीत, कोर्टाला हवी असते तशी, नावानिशी. ज्या देवाच्या हद्दीत चूक झाली त्याच देवाला ती सांगायची, म्हणून तुम्ही डिचोलीचे सगळे देव सोडून आमच्याकडे आलात. तुमच्या आईने तुम्हाला नीट वळण लावलं आहे.

शिवदासने ते सगळं परत देवाला मोठ्याने सांगितलं आणि शेवटी म्हटलं, ‘ताका क्षमा कर, आनी ताच्या सेजलीक सुखी ठेय म्हाराजा!’

तेव्हाही सगळ्यांनी हो म्हटलं. मी म्हटलं की नाही हे मला नंतर आठवेना. जानकी तेव्हा म्हणाली, ‘आक्का, तुमचे ओठ हलले, मी बघितले.’ हलले असतील. त्याने सेजलचं नाव घेतलं होतं.

तुम्ही मान खाली घालून बाहेर पडलात. तुम्ही मागच्या दाराने गेलात म्हणून आम्ही दिसलो नाही. गाडीचा आवाज गेल्यावर जानकी उठली. ‘आक्का, आमी सगळ्यांनी आयकलां. आमी कोर्टात सांगतलों.’

मी म्हटलं, ‘देवाकडे व्हय म्हटलां न्हय आपण?’

‘म्हटलां. तोंडान म्हटलां, पोटान म्हटलां ना.’ तिचे डोळे लाल झाले होते. ‘देवाक तुमी व्हय म्हटलात, आमच्या चुलीक कोण म्हणतलो?’

मी तिला सांगितलं की तू कोर्टात गेलीस तर मी अर्जच मागे घेईन. मालकिणीचा आवाज काढला मी. त्यांनी माझं ऐकलं. कायद्याने तो पुरावा टिकला असता की नसता, मला माहीत नाही. ऐकीव आहे, देवळातलं आहे, म्हणून सरकारी वकिलांनी उडवलाही असता. पण कोर्टाने तुम्हाला समोर उभं करून विचारलं असतं, आणि मग तुम्ही एक तर नोकरी घालवली असती नाही तर देवापुढे बोललेला शब्द. ती वेळ मला तुमच्यावर आणायची नव्हती. तुम्ही स्वतः सांगाल असं मला वाटत होतं. जो माणूस एवढ्या लांब येऊन देवापुढे नाव घेतो तो कोर्टातही घेईल, असं मी धरून चालले. माझा अंदाज चुकला. त्याची किंमत जानकीने दिली.

शेवटच्या सुनावणीला तुम्ही फाइल घेऊन मागे उभे होता. न्यायाधीशांनी विचारलं, आदेश काढण्यापूर्वी खात्याला या पाकिटाची माहिती होती का? सरकारी वकिलांनी मागे वळून तुमच्याकडे बघितलं. तुम्ही नकारार्थी मान हलवलीत. मग न्यायाधीशांनी निखिलला विचारलं, तुमच्याकडे आणखी काही आहे का? त्याने वळून माझ्याकडे बघितलं. मीही मान हलवली. तुम्ही तेव्हा फरशीकडे बघत होता, म्हणून हे तुम्हाला माहीत नाही. आम्ही हरलो ते त्या घटकेला. निकाल नंतर टाईप झाला.

मला तुमचा राग येतो. हे लिहिल्याशिवाय पत्र पुरं होणार नाही. वाढताना, झोपताना, त्या उघड्या जनेलातून वारा येतो तेव्हा, मला तुमचा राग येतो. आणि तुम्ही गोळ्या घेता की नाही याची काळजीही वाटते. दोन्ही एकाच पोटात राहतात आणि मला सुखाने जेवू देत नाहीत. देवाने तुम्हाला क्षमा केली असेल, त्याच्यापुढे मी होही म्हणून बसले आहे. माझ्या स्वतःच्या मनाने अजून केलेली नाही. पुढे करील का, माहीत नाही.

शीतलला मी यातलं काही सांगणार नाही. सांगायचं असेल तर तुम्ही सांगा. तिचा संसार तुमच्यावरच्या विश्वासावर उभा आहे, तो माझ्या हाताने मोडायचा नाही.

रविवारी मी येते. जांभळी पैठणी नेसेन, सेजलला आवडते. ओटी भरून झाली, माणसं जेवायला बसायची झाली, की शीतल माझ्याकडे बघेल. मग मी उठेन आणि साखळीच्या माणसांसमोर, तुमच्या भावांसमोर, तुमची माफी मागेन. स्पष्ट शब्दांत मागेन, कोणाला शंका राहणार नाही अशी. मी तुमच्याहून मोठी आहे, तुमच्या सासूच्या जागी आहे, तरी हात जोडेन. सेजलच्या सासरी तिच्या बापाचं नाव स्वच्छ राहिलं पाहिजे.

त्यानंतर सगळे तुमच्याकडे बघतील. तेव्हा तुम्हाला काहीतरी म्हणावं लागेल. ‘असू दे आक्का, मी माफ केलं,’ असं म्हणा. तेवढं म्हटल्याशिवाय शीतलचं समाधान व्हायचं नाही. फक्त म्हणताना जमिनीकडे बघू नका. माझ्या तोंडाकडे बघून म्हणा.

शीतलची थोरली बहीण,
पद्मावती